ब्याण्णव म्हणजे ब्याण्णव

आमच्या कॉलनीत परीक्षा संपल्यावर खोटं बोलायची रीत होती. पेपर कसा गेला असं कुणी विचारलं की मान खाली घालायची आणि "बघू, पास झाले तरी पुष्कळ" म्हणायचं. फारच खोदून विचारलं तर मनात जो आकडा असेल त्यातून पंधरा वजा करून सांगायचा. जास्त पडले तर पेढे वाटताना मान ताठ, कमी पडले तर अब्रू झाकलेली. वर्गात पहिली येणारी मुलंसुद्धा हेच करायची, आणि त्यांच्या आया तर आणखी पाच कमी सांगायच्या, कारण पोराला दृष्ट लागते. गंमत म्हणजे समोरचा पंधरा चोरून सांगतोय हे सगळ्यांना ठाऊक असायचं, त्यामुळे ऐकणारा मनातल्या मनात पंधरा मिळवून घ्यायचा. म्हणजे शेवटी खरा आकडा कळायचाच. मग हा खटाटोप कशासाठी, ते मला कधीच समजलं नाही, आणि जे समजत नाही ते मी करत नाही. या स्वभावापायी मी आयुष्यभर बोलणी खाल्ली आहेत. अजूनही खाते.

बारावीचा गणिताचा दुसरा पेपर देऊन मी पिंपरी स्टेशनवरून चालत घरी येत होते. मार्चचं ऊन होतं, हातात प्रश्नपत्रिकेची घडी होती. कॉलनीच्या नळावर आमच्या समोरच्या काकू कळशी भरत उभ्या होत्या.

"कसा गेला गं पेपर?"

"चांगला गेला."

"किती पडतील?"

"गणितात ब्याण्णव," मी म्हणाले.

काकूंची कळशी भरून वाहायला लागली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी बहुधा सवयीनं पंधरा मिळवून पाहिले असावेत आणि ते शंभराच्या पलीकडे गेल्यानं त्यांचा घोळ झाला असावा. मी घरात जाऊन हातपाय धुऊन जेवायला बसेपर्यंत ब्याण्णव आमच्या चाळीच्या टोकापर्यंत पोचले होते. दुपारपाळीची माणसं न्यायला वडिलांच्या कंपनीची बस आली तेव्हा ते बसमध्येही चढले.

आई चाकणच्या बाजूच्या एका खेड्यातली. शाळा चौथीपर्यंत. इतकी वर्षं कॉलनीत राहूनही रागावली की तिची बोली थेट माहेरच्या शिवारात जायची.

"पासष्ट म्हनली असतीस तर काय तोंड दुखलं असतं व्हय?" ती म्हणाली. "आता लोकं डोळं लावून बसत्याल. कमी पडलं म्हंजे?"

"कमी पडायचे नाहीत."

"तू काय बोर्डाची मालकीन हायेस का?"

हा हवेतला आकडा नव्हता, हे मला सांगायचं आहे. गणिताचे पेपर दोन, प्रत्येकी पन्नास मार्कांचे. पहिला बीजगणित-भूमितीचा. त्यात मला पंचेचाळीस धरायचे यावर माझं आणि शिकवणीच्या सरांचं एकमत झालं होतं. दुसरा सगळा कॅल्क्युलसचा. त्यात मी एका गणितात वजाचं चिन्ह हरवलं होतं, ते मला वर्गाबाहेर पाऊल टाकताच आठवलं. त्याचे तीन गेले. उरले सत्तेचाळीस. पंचेचाळीस आणि सत्तेचाळीस ब्याण्णव. यात गर्व कुठे आला? गर्व तर पंधरा चोरून सांगण्यात असतो, कारण तिथे लोकांनी ते परत मिळवावेत अशी अपेक्षा असते.

अप्पा घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "बसमध्ये मला तुझे मार्क कळले."

मी चहाचं भांडं मोरीत ठेवलं.

"ब्याण्णव म्हणजे किती? अधिक-उणे?"

"अधिक-उणे एक."

"बरं," ते म्हणाले आणि कप विसळून ठेवला. अप्पांच्या लेखी विषय संपला होता.

अप्पा कंपनीत इन्स्पेक्शन खात्यात होते. मशिनवर तयार झालेले भाग त्यांच्या टेबलावर यायचे, ते मोजायचे आणि पास किंवा रिजेक्ट असा शिक्का मारायचे. करड्या रंगाचा कोट, खिशात व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायची चिमट्यासारखी पट्टी. घरी आल्यावर कोट निघायचा पण व्हर्निअर कुठे ना कुठे हाताशी असायचा. आईच्या पोळीची जाडी त्यांनी मोजलेली आहे. आमच्याकडे फळी बसवायला आलेला सुतार "दोन सूत कमी पडतंय" म्हणाला, तर अप्पांनी विचारलं, "सूत म्हणजे किती?" सुतारानं बोटांनी दाखवलं. अप्पा म्हणाले, "ते झालं तुमच्या बोटाचं. मिलिमीटरमध्ये किती?" तो सुतार पुन्हा आमच्या घराची पायरी चढला नाही.

"म्हणजे किती?" हा त्यांचा जप होता. शाळेत असताना मी गणिताचं उत्तर अपूर्णांकात आणलं की ते वही परत सरकवायचे. "बावीस सप्तमांश हे काम अर्धवट सोडलंय. म्हणजे किती ते सांग. तीन दशांश स्थळं." मी भागाकार करत बसायची. लॉगटेबल मला आठवीतच तोंडपाठ होत आलं होतं. दुसरं एक वाक्य त्यांच्या तोंडात होतं: "जे माप येईल तेच लिहायचं. पाहिजे ते नाही." वरच्या साहेबांनी माल निघायची घाई केली, युनियनवाल्यांनी गळ घातली, तरी त्यांनी कधी खोटं माप लिहिलं नाही. त्यापायी त्यांची बढती दोनदा हुकली. घरात त्याबद्दल कुणी बोलायचं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं.

एप्रिलमध्ये माझ्या नावाचं पाकीट आलं. भोसरीकडच्या एका विजेचे मीटर बनवणाऱ्या कंपनीची माणसं फेब्रुवारीत आमच्या कॉलेजात येऊन पाच मुली निवडून गेली होती. त्यांतली एक मी. बाकावर बसून बारीक तारेची कॉइल गुंडाळायची, तपासायची, पुढे सरकवायची. मेच्या पहिल्या आठवड्यात रुजू व्हायचं, आणि येणार की नाही ते एप्रिलअखेरीला कळवायचं. तीन वर्षांचा बॉण्ड. त्या तीन वर्षांत दुसरं शिक्षण घ्यायचं नाही असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. आमचा निकाल मात्र जूनमध्ये.

मला इंजिनिअर व्हायचं होतं. हे मी तोपर्यंत फक्त अप्पांना सांगितलं होतं, तेही स्कूटरच्या मागं बसून, म्हणजे त्यांचा चेहरा दिसणार नाही असं. ते एवढंच म्हणाले होते, "मुली असतात का तिथं?" आणि पुढच्या चौकात, "असतील. एखाददोन असतील."

आईला ते पाकीट फार आवडलं होतं. ती ते देवाच्या फळीवर ठेवून रोज एकदा उतरवून बघायची. मला तिचा राग यायचा, पण एकदा ती म्हणाली, "माज्या नावानं आजपर्यंत पोस्टमन आला न्हाई. तुज्या नावानं आला. अठराव्या वर्षी." तेव्हापासून मला तिच्यावर नीट रागावताही येईना. ती मला घरी बसवू बघत नव्हती. माझ्या पायावर उभं राहायला दारात आलेली वाट ती दाखवत होती, आणि माझी वाट नुसत्या अंदाजावर उभी होती.

अप्पांनी मागच्या वर्षीच्या प्रवेशयाद्या मिळवल्या. माझं फिजिक्स आणि केमिस्ट्री मध्यम गेलं होतं, ते धरून हिशेब मांडला आणि कागदावर लिहिलं: गणितात नव्वद. नव्वद आणि वर असतील तर पाकीट परत करायचं. नव्वदच्या खाली असतील तर इंजिनिअरिंगचं नाव काढायचं नाही, मुकाट सही करायची. मी म्हणाले, "मग झालंच की. ब्याण्णव आहेत."

"हे एका हाताचं माप झालं," अप्पा म्हणाले. "तेही ज्याचा पीस आहे त्याच्याच हाताचं. आमच्याकडे चालत नाही."

त्यांच्या खात्यात एक रीत होती. महत्त्वाचा भाग असला की दोघांनी वेगवेगळा मोजायचा. दोघांचं जुळलं तर ठीक. नाही जुळलं तर तिसऱ्याकडं द्यायचा, आणि आधीच्या दोघांची मापं तिसऱ्याला सांगायची नाहीत. सांगितली की त्याचा डोळा त्या बाजूला झुकतो, असं अप्पा म्हणायचे.

त्यांनी मला कोरे कागद दिले. "जसा लिहिलास तसा दुसरा पेपर सगळा परत लिही. आता कळलेली चूक सुधारायची नाही. खोडलं असेल तर खोडलेलंसुद्धा लिही."

रविवारी सकाळी आठ वाजता मी गजराचं घड्याळ समोर ठेवून बसले आणि लिहिलं. हरवलेलं वजाचं चिन्ह पुन्हा हरवलं. ते लिहिताना हात अडत होता, डोळ्यांदेखत दूध उतू जाऊ द्यावं तसं वाटत होतं. पण एकही चिन्ह मी बदललं नाही. माझ्यासारख्या मुलीला लबाडी करायची तर तीच वेळ होती, आणि मी ती केली नाही याचा मला आजही अभिमान आहे.

संध्याकाळी आम्ही दोघं चिंचवड गावात सरांकडे गेलो. सर पुढच्या खोलीत शिकवणी घ्यायचे आणि बोर्डाचे पेपरही तपासायचे. त्यांनी लाल पेन काढलं. पहिली तीन पानं भराभर गेली, मान हलत होती. चौथ्या पानावर पेन थांबलं.

"हे काय आहे?"

वर्तुळाच्या पाव भागाचं क्षेत्रफळ इंटिग्रेशननं काढायचं होतं. त्रिज्या तीन. सगळ्या जगानं उत्तर लिहिलं असणार ९π/४. मी लिहिलं होतं ७.०६९.

"उत्तर आहे, सर."

"ते मला दिसतंय. π कुठाय?"

"किंमत घातली."

"कुणी सांगितली होती घालायला?" सरांनी पान उलटलं. गोलाचं घनफळ: ३३.५१०. पुढचं पान. तिथं एका वक्ररेषेखालचं क्षेत्रफळ होतं, उत्तरात log 2 ठेवायचा होता, मी ०.६९३ लिहिलं होतं. वर्तुळात बसणाऱ्या सगळ्यात मोठ्या आयताची बाजू: २.८२८. एकूण चार गणितं. चारही ठिकाणी मी लॉगटेबल उघडून शेवटपर्यंत गेले होते. त्या हॉलमध्ये माझ्याइतकं लॉगटेबल कुणी उलटलं नसेल. मला वाटत होतं, मी इतरांपेक्षा एक पायरी जास्त काम केलंय.

सर हसले. वाईट नाही हसले, पण हसले. "अगं, तपासणाऱ्याकडे उत्तरांचा छापील कागद असतो. तो शेवटची ओळ बघतो. ओळ जुळली नाही की कापतो. त्याच्यासमोर पेपरांचा ढीग असतो, तो कशाला तुझा गुणाकार करत बसेल? कुठं दोन, कुठं एक. सात गेले." त्यांनी कडेला बेरीज मांडली. "चाळीस. पहिले पंचेचाळीस. पंच्याऐंशी. वाईट नाहीत, हो."

"पण उत्तर बरोबर आहे ना, सर?"

"बरोबर-चूक हा प्रश्न नाही. मार्कांचा प्रश्न आहे." मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हे दशांशाचं खूळ तुला शिकवलं कुणी? मी तर नाही."

अप्पा शेजारच्या खुर्चीवर बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर.

"कुणी नाही," मी म्हणाले. "माझं मीच."

परत येताना रेल्वेचं फाटक बंद होतं. स्कूटर बंद करून आम्ही मालगाडी जायची वाट बघत उभे राहिलो. अप्पा रुळांकडे बघत म्हणाले, "माझं नाव सांगायला काय झालं होतं?"

खरं सांगायचं तर पेपरात ती चार उत्तरं लिहिताना माझ्या कानात त्यांचाच आवाज होता. ९π/४ लिहून मी थांबलेच होते, आणि कुणीतरी आतून विचारलं, म्हणजे किती? पण ते सरांसमोर सांगून अप्पांना मान खाली घालायला लावायची? माझ्या हातानं लिहिलेल्या उत्तरासाठी? मेले असते तरी सांगितलं नसतं. मालगाडी फार लांब होती. मी डबे मोजत राहिले, आणि चाळीसनंतर मोजायचं सोडून दिलं.

घरी आईनं विचारलं. अप्पांनी सांगितलं, पंच्याऐंशी. आईनं देवाच्या फळीवरचं पाकीट काढलं आणि माझ्या पुस्तकांवर आणून ठेवलं.

"अजून नाही," अप्पा म्हणाले. "दोघांचं जुळत नाही. तिसऱ्याकडे जाईल."

"तिसरा कोन?"

"मी."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. अप्पा जुने मॅट्रिक. कॅल्क्युलसचं पुस्तक त्यांनी उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं. पण त्यांनी माझी उत्तरं मागितली नाहीत. माझे कागद त्यांनी चिंचवडला जाताना पाहिले नव्हते आणि सरांकडेही ते माझ्या आणि सरांच्या मधल्या टेबलावर होते. सरांनीही त्या चार उत्तरांचे आकडे मोठ्यानं वाचले नव्हते. अप्पांनी माझे कागद एका पाकिटात घातले, डिंकानं चिकटवले आणि आईकडे दिले. मग म्हणाले, "आता मला फक्त प्रश्न सांग. त्या चार गणितांचे. मराठीत."

मी सांगितले. तीन सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा पाव भाग, त्याचं क्षेत्रफळ. त्यांनी डायरीत चित्र काढलं. चारही चित्रं काढून झाल्यावर त्यांनी डायरी कोटाच्या खिशात टाकली.

पुढचे सात-आठ दिवस अप्पा जेवणाच्या सुट्टीत जेवले नाहीत. डबा तसाच परत यायचा आणि आई मला बोलायची, जणू मीच तो परत पाठवत होते. मग एका शनिवारी ते घरी आले, रुमालाची गाठ सोडली आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर पितळेचे तुकडे मांडले. सोबत कंपनीचा गेटपास होता. त्यावर लिहिलं होतं: भंगार पितळ, नग चार. गेटवरच्या माणसाला गेटपास दाखवल्याशिवाय हा माणूस स्वतःच्या मुलीचं गणितसुद्धा बाहेर आणणार नव्हता.

एक तुकडा पाव वर्तुळाचा होता, कडा घासून आरशासारख्या केलेल्या. दुसरा तीन सेंटिमीटर बाजूचा चौरस, त्याच पत्र्यातून कापलेला.

"दोन्हींची जाडी सारखी," अप्पा म्हणाले. "चौरसाचं क्षेत्रफळ नऊ, त्यात वाद नाही. दोन्ही लॅबच्या काट्यावर तोलले. वजनांचा भागाकार केला, नवानं गुणलं. तीन वेळा केलं."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. जे मी कागदावर इंटिग्रेशनचं चिन्ह काढून केलं होतं ते त्यांनी करवत, कानस आणि तराजू घेऊन केलं होतं. log 2 चा तुकडा सगळ्यात अवघड होता, ती वक्र कड त्यांनी दोन दिवस घासली होती. गोलासाठी त्यांनी पोलादी गोळी एकदा हवेत आणि एकदा पाण्यात बुडवून तोलली होती, ती मात्र जिथली तिथं परत ठेवली होती. आणि आयतासाठी पितळेच्याच चकतीत रेघा आखून बाजू थेट व्हर्निअरनं मोजली होती.

त्यांनी डायरीचं पान फाडून माझ्या हातात न देता ओट्यावर पालथं ठेवलं. मग आईला पाकीट फोडायला सांगितलं. आईनं विळीनं फोडलं आणि माझे कागद काढले.

"वाच," अप्पा मला म्हणाले.

"सात पॉइंट शून्य सहा नऊ."

त्यांनी पान उलटं केलं. तिथं लिहिलं होतं: ७.०७.

"तेहतीस पॉइंट पाच एक शून्य."

३३.५.

"शून्य पॉइंट सहा नऊ तीन."

०.६९.

"दोन पॉइंट आठ दोन आठ."

२.८२.

"शेवटचं जरा कमी आलं," अप्पा म्हणाले. "रेघेची जाडी. पण बसतंय." त्यांनी माझ्या कागदांवर, सरांच्या लाल बेरजेच्या खाली, त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं: चारही पास. आणि सही केली, तारीख घातली, जशी ते रोज शेकडो नगांवर घालायचे.

आई खाली बसली होती. तिनं पाव वर्तुळाचा तुकडा हातात घेतला, उलटसुलट पाहिला. "आवो," ती म्हणाली, "ह्या पितळेच्या तुकड्यावर पोरीची नोकरी सोडायची व्हय? बोर्डाचा मानूस काय तराजू घिऊन बसनार हाय का?"

"नाही बसणार," अप्पा म्हणाले. "ती त्याची चूक."

"चूक त्याची, पर भोगनार कोन?"

आईचा प्रश्न अगदी रास्त होता हे मी तेव्हाच ओळखलं. आमच्या घरात सगळ्यात व्यवहारी डोकं तिचंच होतं. सर म्हणाले तेच ती म्हणत होती, फक्त लाल पेन न घेता.

अप्पा माझ्याकडे वळले. "मी माझं माप सांगितलं. पाकीट तुझ्या नावाचं आहे, सही तुझी. तू सांग, किती?"

मला माहीत होतं की पंच्याऐंशी पडू शकतात. मी काही खुळी नव्हते. सरांनी शेकडो पेपर तपासले होते. पण त्या कॉइलच्या बाकावर जाऊन बसायचं ते कशासाठी? उत्तर चुकलं म्हणून असतं तर गेले असते. बरोबर उत्तर कुणी वाचायची तसदी घेणार नाही या भीतीनं आधीच उठून जायचं, हे मला जमेना. म्हणजे पुन्हा तेच, पंधरा वजा करून सांगायचं. यावेळी नळावरच्या काकूंना नाही, स्वतःला.

"ब्याण्णव," मी म्हणाले.

त्याच दिवशी मी भोसरीला पत्र लिहिलं. आभार मानले आणि येणार नाही असं कळवलं. आईनं पत्र टाकायला जाऊ दिलं, पण आलेलं पाकीट तिनं परत देवाच्या फळीवर नेऊन ठेवलं, रिकामं. ते तिथं कितीतरी वर्षं होतं.

जूनमध्ये निकाल लागला. गुणपत्रिका घ्यायला अप्पा रजा काढून माझ्याबरोबर कॉलेजात आले. मी खिडकीतून कागद घेतला, आणि पहिली नजर गणितावर गेली.

पंच्याऐंशी.

सरांचा अंदाज एका मार्कानंही चुकला नव्हता. मला रडू आलं ते दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं. कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी खोलीत एक माणूस माझं ७.०६९ बघून पुढे सरकला होता आणि त्याला ते पाच मिनिटांनी आठवलंही नसेल. अर्ज करून पाहिला; तर म्हणाले फेरतपासणीत फक्त बेरीज तपासतात, उत्तर नाही. इंजिनिअरिंगची यादी लागली त्यात मी नव्हते. भोसरीची जागा एव्हाना दुसऱ्या मुलीला गेली होती. मी पॉलिटेक्निकला डिप्लोमाला गेले. साठ मुलांत आम्ही दोघी. तिथं पहिल्या आठवड्यात वर्कशॉपच्या मास्तरांनी विचारलं, हा व्यास किती, आणि मी तीन दशांशांपर्यंत सांगितला तेव्हा ते हसले नाहीत, त्यांनी हजेरीत माझ्या नावापुढे खूण केली. पण ते नंतरचं. तेव्हा मला वाटत होतं, मी स्वतःच्या हातानं दोन्ही दारं लावून घेतली. अप्पांनाही बहुधा तसंच वाटत असेल.

निकालाच्या दिवशी दुपारी आम्ही कॉलनीच्या फाटकातून आत आलो तेव्हा दुसऱ्या पाळीची बस सुटायची होती. अप्पांच्या खात्यातली माणसं, शेजारपाजारचे, सगळे तिथं उभे. समोरच्या काकूही होत्या. मी मागच्या मागं वळले असते, पण अप्पांनी स्कूटर नेमकी त्यांच्यासमोर थांबवली.

"काय राव, किती पडले पोरीला?" एकानं विचारलं.

अप्पांनी गुणपत्रिका खिशातून काढून सरळ त्याच्या हातात दिली. लपवायचा स्वभावच नाही. त्यानं वाचली, शेजाऱ्याला दाखवली.

"पंच्याऐंशी. चांगलेच आहेत की. पण पोरगी तर ब्याण्णव म्हणत होती, सगळ्या कॉलनीला."

दोघंतिघं हसले. काकूंनी पदर तोंडाला लावला. मी स्कूटरची मागची सीट दोन्ही हातांनी धरून उभी होते.

ज्या माणसानं नोकरीत एकदाही खोटं माप लिहिलं नव्हतं, ज्याच्या दोन बढत्या त्यापायी गेल्या होत्या, त्यानं गुणपत्रिका परत घेतली, घडी घातली आणि खिशात ठेवली.

"बोर्डानं पंच्याऐंशी लिहिलेत," अप्पा म्हणाले. "आहेत ब्याण्णव. मी मोजलेत."